कुंता म्हणे

मोहबोडीच्या तलावातलं जाळं सकाळी सातला वर येतं आणि साडेआठच्या आत कुंता टोपली घेऊन नागभीडच्या रस्त्यावर ऑटोची वाट पाहत उभी असते. वीस वर्षांत हा नेम तिनं दोनदा मोडला, आचल झाली तेव्हा आणि सासू गेली तेव्हा. बाकी थंडी असो की ताप असो, दर मंगळवारी नागभीडच्या आठवडी बाजारात मासळीच्या रांगेत डाव्या हाताची तिसरी जागा तिची. तिला हाळी घालायला जोर लावावा लागत नाही. साध्या बोलण्यातही तिचा आवाज भाजीवाल्यांच्या रांगेपर्यंत जातो. रोहूचा कल्ला उघडून लालबुंद दाखवायचा आणि गिऱ्हाईक काही म्हणायच्या आत मासा तागडीत टाकायचा, ही तिची रीत. कुंताच्या टोपलीत शिळा मासा निघाला असं आजवर कोणी म्हणालं नाही, आणि हे ती स्वतःही दर बाजाराला दोन-तीनदा सांगतेच.

या आवाजामुळेच सोमाजीभाऊंनी तिला भजनात ओढलं. सोमाजीभाऊ म्हणजे गावातले सगळ्यात जुने खंजेरीवाले. पंच्याहत्तरीला आलेले, गुडघ्यांनी साथ सोडलेली, त्यामुळे आताशा तलावावर जात नाहीत. मारुतीच्या देवळासमोरच्या कडुलिंबाखाली बसून लोकांची जाळी विणून देतात. पुरुषांचं भजन मंडळ कधीचंच मोडलं होतं. अर्धे कामाला बाहेरगावी गेले, अर्धे मोबाइलमध्ये गेले. पाच वर्षांपूर्वी एकदा कुंता तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, कोणाला तरी हाक मारत होती, ती ऐकून त्यांनी तिला बोलावलं आणि खंजेरी तिच्या हातात दिली. महिन्याभरात आठ बायका जमल्या. रोवणी-कापणीचे दिवस सोडले तर दर गुरुवारी दुपारी चारला कडुलिंबाखाली बसायचं असं ठरलं.

जुनी पदं पाठ झाली, तशी कुंता स्वतःची बांधू लागली. ती चौथीपर्यंत शिकलेली. लिहिता येतं, पण हात चालत नाही. रस्त्यापासून गाव दीड किलोमीटर. रिकामी टोपली डोक्यावर घेऊन तलावाच्या पाळीवरून चालता चालता तिला ओळी सुचायच्या, आणि घरी पोचेपर्यंत त्या घोकत यायची. मग तिची मुलगी आचल, जी नागभीडला कॉलेजात जाते, त्या वहीत उतरवून घ्यायची. पहिलं पद फाटक्या जाळ्याचं होतं.

फाटलं हे जाळं, पाण्याचा का दोष,
गाठीचा भरोस धर मना

आचलनं ते आईकडून मोबाइलवर म्हणवून घेतलं आणि मैत्रिणींना पाठवलं. चार दिवसांत ते अर्ध्या तालुक्याच्या स्टेटसवर फिरून आलं. ब्रह्मपुरीकडची एक नर्सबाई बाजारात येऊन सांगून गेली की नोकरी सोडायच्या विचारात होती, ते पद ऐकलं आणि राहिली. कुंतानं तिला अर्धा किलो झिंगे फुकट दिले.

पदाच्या शेवटच्या ओळीत मात्र नाव कोणाचं टाकायचं, हा प्रश्न आला. जुन्या पदांत रचणाऱ्याचं नाव असतंच. कुंताला आपलं टाकायचं होतं, आणि त्यात तिला लाजण्यासारखं काही वाटत नव्हतं. पद आपण केलं तर नाव आपलं, मासे आपले तर टोपली आपली. पण सोमाजीभाऊंनी हातातली सुतळी खाली ठेवली आणि तिला समोर बसवलं.

"नाव मिरवाले नाई राहत बाई," ते म्हणाले. "तो अंगठा आहे. सरकारी कागदावर देते ना, तसा. नाव टाकलं म्हंजे ते पद कधीही तुह्या दारात येऊन विचारू शकते, का हे तू कधी केलं?"

आणि खरंच त्यांनी विचारलं. जाळ्याच्या पदाचं कधी केलं, ते सांग. कुंतानं सांगितलं. ज्या साली हेमराजला, तिच्या नवऱ्याला, कावीळ झाली होती, त्या साली मोठ्या पुरात वाहून आलेल्या झाडांनी मच्छीमार सोसायटीची सगळी जाळी फाडली होती. बाकीचे नव्या जाळ्यांची वाट पाहत बसले. तिनं दवाखान्यात हेमराजच्या खाटेशेजारी बसून एक जाळं गाठी मारत मारत उभं केलं आणि सगळ्यांच्या आधी पाण्यात टाकलं. सोमाजीभाऊंनी मान हलवली. मग टाक म्हणाले नाव.

तेव्हापासून ती रीतच पडली. कुंतानं पद आणायचं, म्हणून दाखवायचं, आणि भाऊंनी विचारायचं. चार वर्षांत अकरा पदं झाली. अकराही वेळा तिच्याकडं सांगायला काही ना काही होतं, आणि ते सांगताना तिला बरं वाटायचं. आपण बऱ्यापैकी जगलो आहोत, असं त्या वहीकडं पाहून वाटायचं.

या दिवाळीनंतर नागभीडच्या एका संस्थेनं महिला भजन स्पर्धा जाहीर केली. माघ महिन्यात, रविवारी, दिवसभर. एक पद जुनं आणि एक स्वतः रचलेलं, अशी अट होती. मंडळातल्या सुगंधाबाईंनी तर आपण पहिला नंबर आणणार असं धरूनच सगळ्यांसाठी एका रंगाच्या साड्या पाहायला सुरुवात केली. कुंतानं बारावं पद स्पर्धेसाठी म्हणून बांधलं. बोलण्यावर बांधलं, कारण आजकाल लोक फोनवर एकमेकांना काहीही बोलतात आणि मोडून बसतात, हे तिला दिसत होतं. गुरुवारी सगळ्या बायका निघून गेल्यावर तिनं ते भाऊंसमोर म्हटलं.

माशाचा तो काटा दिसतो डोळ्याले,
शब्दाचा न कळे घशामंदी

जनहो सांभाळा आपली ती वाणी,
दुज्याच्या जीवनी लागू नये

कुंता म्हणे बोल तोलून बोलावा,
मगच सोडावा ओठातून

भाऊंना चाल आवडली. काट्याची ओळ त्यांनी दोनदा म्हणून पाहिली. मग नेहमीसारखं विचारलं, कधी तोलला बोल?

कुंतानं तोंड उघडलं. बाजारातली एखादी गोष्ट सांगावी असं तिच्या मनात होतं. कोणी घासाघीस करताना घालूनपाडून बोललं आणि आपण गप्प राहिलो, असं काही. पण तशी एकही आठवेना. ती कधी गप्प राहिलीच नव्हती. मग ती हसून म्हणाली की मी नाही तोलला तरी तोलावा हे खरं आहे ना, आमच्या मोठ्या जावेचंच पाहा, तोंडानं किती गोड पण गिऱ्हाईक तोडलं माझं. आणि हे सांगायला सुरुवात केल्यावर तिला ते पूर्ण सांगावंच लागलं.

मोठी जाऊ म्हणजे बायनाबाई. हेमराजच्या थोरल्या भावाची बायको, तो गेल्यापासून एकटी. सोसायटीत नवऱ्याच्या जागी तिचं नाव होतं, त्यामुळे जाळ्यातला वाटा तिलाही मिळायचा, आणि सहा वर्षांपूर्वीपर्यंत ती कुंताच्या शेजारीच बाजारात बसायची. स्टेशनजवळ खानावळ चालवणारा झिंगू नऊ वर्षं फक्त कुंताचे मासे न्यायचा. एका बाजाराच्या दिवशी तो आला आणि बायनाबाईच्या टोपलीसमोर बसला. का बसला, कोण जाणे. कदाचित तिची टोपली वाटेत आधी लागली असेल. एवढं कुंता सांगत होती, तेवढ्यात भाऊंनी मध्येच विचारलं, मग तू काय बोलली?

"मी म्हटलं, झिंगूभाऊ, ते कालचे हायेत. पाहून घ्या."

"होते काय कालचे?"

कडुलिंबाखालून तलाव दिसत होता, पाणी पार पलीकडच्या शेतांच्या धुऱ्यापर्यंत चमकत होतं. तिला ती सकाळ आठवली. जाळं वर आलं तेव्हा दोघी कमरेइतक्या पाण्यात शेजारी शेजारी उभ्या होत्या. मोठा कतला मासा बायनाच्या वाट्याला आला होता आणि कुंतानं स्वतः तो उचलून तिच्या टोपलीत टाकला होता.

"एकाच जाळ्यातले होते," ती म्हणाली.

हे वाक्य तिनं सहा वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. घरात, माहेरी, लग्नाकार्यात ती एवढंच सांगत आली होती की मोठीनं माझं गिऱ्हाईक तोडलं, म्हणून बोलणं बंद. तिच्या एका वाक्यावर झिंगूनं हातातला मासा परत टोपलीत ठेवला होता. त्याच्या मागं उभ्या असलेल्या बायका पुढं सरकल्या होत्या. बायनाबाईनं कल्ले उघडून एकीला दाखवले, दुसरीला दाखवले. कोणी वाकून पाहिलं नाही. कुंताचा आवाज तसा होता. बारा वाजता बायनाबाईनं टोपली उचलली आणि ती गेली, ती पुन्हा त्या बाजारात बसली नाही. आपला वाटा ती पाळीवरच ठेकेदाराला देऊन टाकायची, तो म्हणेल त्या भावानं. बाकी रोवणी, कापणी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. कुंताला ती एका शब्दानंही काही बोलली नव्हती, आणि त्या न बोलण्याचाच कुंतानं राग धरला होता.

सोमाजीभाऊंनी काही उपदेश केला नाही. सुतळी पुन्हा हातात घेतली आणि म्हणाले, पद अजून झालेलं नाही, चाल तेवढी चांगली आहे.

पुढचे आठ दिवस कुंतानं वाटा शोधल्या. नाव काढून 'दासी म्हणे' केलं, तर ते बाजारात दुसऱ्याच कोणाची टोपली घेऊन बसल्यासारखं वाटलं. मग भाऊंना म्हणाली, तुमचं नाव टाकू, सोमाजी म्हणे. ते हसले आणि म्हणाले की माझ्या अंगठ्याखाली तुझा कागद कशाला, माझेच कागद पुष्कळ आहेत. जुन्या अकरापैकी एखादं पद स्पर्धेत म्हणावं, असं सुगंधाबाईंनी सुचवलं. ते सोपं होतं. पण त्या सोपेपणाचाच कुंताला राग आला. अकरा वेळा भाऊंनी विचारलं तेव्हा ती आपलं चांगलं तेवढं उचलून देत आली होती, जशी टोपलीत वर मोठे मासे मांडायचे आणि बारके खाली. वही पूर्ण खोटी नव्हती. पण अर्धीच होती, हे आता तिला दिसत होतं, आणि एकदा दिसलेलं न दिसल्यासारखं करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

सोमवारी दुपारी ती दोन चांगले रोहू घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला बायनाबाईच्या घरी गेली. सहा वर्षांत पहिल्यांदा. बायनाबाई अंगणात धान पाखडत होती. तिनं सूप थांबवलं, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, कुंतापुढं ठेवला आणि पुन्हा पाखडायला लागली. माशांकडं पाहिलंही नाही. कुंतानं बसून सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, जसं घडलं तसं. बाई, तुमचे मासे ताजे होते, मी खोटं बोलली.

बायनाबाईनं सुपातला कोंडा फुंकला. मग म्हणाली, "हे तू मले येऊन सांगून राह्यली. माह्ये मासे ताजे होते हे मले त माहीतच आहे."

"म्हून माफी..."

"ज्याइले सांगतलं होतं, त्याइले सांग. मले काऊन सांगतं?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसं ती म्हणाली. कुंता पाणी पिऊन उठली. मासे बायनाबाईनं परत दिले. म्हणाली की आज घरी वांगी आहेत.

हेमराजला हे पटलं नाही. रात्री जेवताना तो म्हणाला की सहा वर्षांपूर्वीची गोष्ट, लोक कधीच विसरले, आता उकरून काय होणार, उलट तुझ्याच टोपलीवर शंका घेतील. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे कुंताला कळत होतं. त्या आठवड्याच्या बाजारात ती मनाशी ठरवून गेली आणि काही न बोलता सगळे मासे विकून आली. सकाळी गर्दी कमी होती म्हणून थांबली, मग गर्दी फार झाली म्हणून थांबली, मग झिंगू आलाच नाही म्हणून. परतीच्या ऑटोत तिला स्वतःचं हसू आलं. ज्या बाईनं एक खोटं वाक्य एका दमात फेकलं होतं, तिला खरं वाक्य बोलायला मुहूर्त लागत होता.

पुढच्या बाजाराला आचल कॉलेज बुडवून तिच्याबरोबर आली. कुंतानं बोलावलं नव्हतं, पण नको असंही म्हणाली नाही. दहाच्या सुमारास मासळीची रांग भरली. झिंगू आला, नेहमीप्रमाणे समोर बसला आणि हात रोहूकडं नेला. कुंतानं टोपलीवर गोणपाट ओढलं आणि उभी राहिली. बाजारात मासेवाली उभी राहून बोलत नाही, बसूनच बोलते; त्यामुळे शेजारपाजारच्या चौघी आधीच वळून पाहू लागल्या.

"झिंगूभाऊ, आयका," ती म्हणाली, आणि आवाज नेहमीचाच होता, भाजीवाल्यांपर्यंत जाणारा. "सा वर्सं झाले. माही जाऊ बायनाबाई इथी बसत होती. मी तुमाले म्हटलं का तिचे मासे कालचे हायेत. ते कालचे नव्हते. आमचे दोघींचे एकाच जाळ्यातले होते. मी खोटं बोलली. तुमी तिकडं बसले म्हून मले राग आला होता, बस. जे कोणी त्या दिवशी आयकत होते, त्या सगळ्याइले मी सांगून राह्यली."

झिंगूला आठवायला वेळ लागला. मग त्याला आठवलं आणि त्याचा चेहरा उतरला. म्हणाला की म्हणजे मी त्या बाईचा मासा हातातून टाकला तो तुझ्यावर भरवसा ठेवून. कुंता हो म्हणाली. तो उठला आणि काही न घेता निघून गेला. मागच्या एका बाईनं हसत विचारलं की मग आज कोणाचे शिळे आहेत तेही सांगून टाक. दोघी-तिघी हसल्या. एका म्हाताऱ्यानं मात्र हात जोडले आणि तोही पुढं निघाला. शेजारची मासेवाली कुजबुजली की कुंते, तू वेडी झाली काय, धंद्याच्या वेळी असं बोलतात काय.

त्या दिवशी तिच्याकडं कोणी फिरकलं नाही, असं नाही. आठ-दहा जण आले. पण प्रत्येकानं कल्ला स्वतःच्या बोटानं उघडून पाहिला, आणि त्यातले बरेच पुढं गेले. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. दुपारी दोनला अर्ध्याहून अधिक टोपली तशीच उरली, तेव्हा आचलच्या डोळ्यांत पाणी आलं. कुंतानं तिला सांगितलं की रडण्यासारखं काही झालेलं नाही, उरलेले मासे आज संध्याकाळी मीठ लावून वाळत घालू.

ऑटोतून रस्त्यावर उतरल्यावर आचल म्हणाली, अर्धं ओझं मी घेते. कुंतानं दिलं नाही. ती पुढं चालू लागली, पाळीवरून, एरवीपेक्षा भरभर. आचलला तिला गाठायला जवळजवळ पळावं लागलं. मध्येच कुंता थांबली आणि म्हणाली, वही आहे काय? वही नव्हती. मग मोबाइलमध्ये लिही म्हणाली. पाळीवर उन्हात उभं राहून, डोक्यावरची टोपली न उतरवता, तिनं सांगितलं आणि आचलनं लिहिलं.

एकाच जाळ्याचे दोघींचे ते मासे,
बोलली मी कसे शिळे म्हून

सांगाले मी गेली जाऊच्या दारात,
धाडे बाजारात तीच मले

कुंता म्हणे आता भरली टोपली
हलकी लागली डोईवर

गुरुवारी भाऊंनी ते ऐकलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, कधी केलं? कुंता म्हणाली, मंगळवारी. भाऊंनी खंजेरी उचलली आणि ताल धरला.

स्पर्धेत त्यांनी तेच पद म्हटलं. काट्याच्या पदाची चाल भाऊंना आवडली होती, तीच ठेवली. परीक्षकांपैकी एक सर पद संपल्यावर म्हणाले की रचना प्रामाणिक आहे, पण त्यात देवाचं नाव कुठंच नाही, आणि मासे-बाजार हे भजनाचे विषय नव्हेत. कुंतानं उभं राहून नम्रपणे उत्तर दिलं की सर, चूक मासळीच्या रांगेत केली होती, देवळात केली असती तर देवळाचं पद झालं असतं. सभागृहात टाळ्या पडल्या. बक्षीस उत्तेजनार्थ मिळालं, एक स्टीलचा डबा आणि प्रमाणपत्र. सुगंधाबाईंना वाईट वाटलं. कुंताला नाही वाटलं, हे कोणाला खरं वाटलं नाही.

स्पर्धेचा व्हिडिओ गावभर फिरला. चार-पाच दिवसांनी, सकाळी जाळं ओढताना, बायनाबाई पाण्यात कुंताच्या शेजारी येऊन उभी राहिली. दोराला हात घातला आणि ओढता ओढता, दुसरीकडं पाहत म्हणाली, "पद आयकलं मी. त्याच्यात जाऊ जाऊ काय आहे? जावा गावात छप्पन हायेत. मले नाव नाई काय?"

कुंतानं हे भाऊंना जाऊन सांगितलं. भाऊंनी बोटांवर अक्षरं मोजली. जाऊच्या दारात सहा, बायनाच्या दारात सात. एक अक्षर जास्त होतं, अभंगात बसत नव्हतं. त्यांनी तीनदा मोजून पाहिलं आणि शेवटी म्हणाले, बाईचं नाव एवढं मोठं असेल तर तालानं थोडं थांबावं. तेव्हापासून मंडळात ती ओळ सात अक्षरांचीच म्हणतात, आणि तिथं खंजेरी अर्धा ठोका मागं राहते.

झिंगू दीड महिन्यानं परत आला. बाकीची गिऱ्हाइकं हळूहळू आली. काही आलीच नाहीत. बायनाबाई होळीनंतर पुन्हा बाजारात बसू लागली, पण कुंताच्या शेजारी नाही, समोरच्या रांगेत, सुकटवाल्यांकडं. गुडघे दुखले की आपला वाटा ती कुंताबरोबर पाठवते आणि संध्याकाळी कोणता मासा कोणाला गेला ते एकेक विचारून घेते. त्यापलीकडं दोघींचं बोलणं फारसं होत नाही. माफ केलं असं बायनाबाईनं म्हटलेलं नाही, आणि कुंतानंही पुन्हा विचारलेलं नाही. आधी तिला वाटायचं की विचारावं. मग एकदा सुपात धान पाखडताना तिच्या लक्षात आलं की न विचारता राहणं आपल्याला जमू लागलं आहे, आणि असं राहता येतं हे तिला आपल्याबद्दल माहीतच नव्हतं.

त्यावर एक पद सुरू आहे. दोन ओळी झाल्या आहेत, तिसरी येत नाही. आचल दर गुरुवारी विचारते. कुंता म्हणते की घाई नाही, अजून ते पूर्ण घडलेलं नाही. या महिन्यात तलावात माशांचं बीज सोडायचं आहे, सोसायटीची गाडी पहाटे येणार आहे, आणि पाळीवर कोणी कुठं उभं राहायचं हे तिनं आजच सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.